मुद्दाम मळवलेली अक्षरं

निर्वाणा या बँडचं नाव त्यांच्या पहिल्या अल्बमवर कोणत्या अक्षरांत छापलंय, हे कधी निरखून पाहिलंय? अल्बम 'ब्लीच', साल १९८९, शहर सिएटल. रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर आणि १७ सेंट. खरखरीत गिटार, विटके शर्ट, विस्कटलेले केस. या साऱ्याला जग पुढे 'ग्रंज' म्हणणार होतं. आणि मुखपृष्ठावरचं नाव? उंच, शेलाटं, ऐटबाज. जाड उभ्या रेषा, केसासारख्या बारीक आडव्या रेषा, कुठे ओरखडा नाही की शिंतोडा नाही. 'ऑनिक्स' नावाचा हा टाइप १९३७ साली अमेरिकेत आला. त्याचं कूळ शोधत मागे गेलं, तर आपण थेट अठराव्या शतकातल्या इटलीत, पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळणाऱ्या जांबात्तिस्ता बोदोनीच्या दारात पोचतो!

ग्रंजच्या सर्वांत गाजलेल्या नावाला अशी दरबारी अक्षरं कशी मिळाली? ज्या यंत्रावर ते नाव जुळवलं गेलं, त्या यंत्रात तेव्हा तोच टाइप बसवलेला होता, म्हणून. एवढंच कारण.

मग ग्राफिक डिझाइनमध्ये आपण ज्याला ग्रंज म्हणतो, ते आलं कुठून? कुरतडलेल्या कडा, अर्धवट पुसलेली अक्षरं, टाइपरायटरची साकळलेली शाई, एकमेकांच्या अंगावर चढलेल्या ओळी. १९९० नंतरच्या दशकात हे रूप मासिकांवर, सीडींच्या वेष्टनांवर, चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत पसरलं. त्याच्यामागे दोन यंत्रं आहेत. एका यंत्राला डाग पाडल्यावाचून राहवत नव्हतं, आणि दुसऱ्याला काही केल्या डाग पाडता येत नव्हता.

पहिलं यंत्र तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. झेरॉक्स.

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातली एक खोली. चेस्टर कार्लसन हा पेटंटच्या कामांत नकला करून करून कंटाळलेला माणूस आणि त्याचा सहायक ऑटो कोर्नेई गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने खसाखसा घासतात. घासल्यामुळे पत्र्यावर विद्युतभार साचतो. मग ज्या काचेवर शाईने तारीख आणि जागेचं नाव लिहिलंय, ती काच पत्र्यावर ठेवून वरून प्रखर दिवा लावतात. जिथे उजेड पडतो तिथला भार निघून जातो. अक्षरांच्या सावलीत मात्र तो टिकून राहतो. आता वरून बारीक पूड भुरभुरवली, जास्तीची फुंकून टाकली, की पूड फक्त अक्षरांच्या जागी चिकटते. मेणकागद दाबून ती पूड उचलली, आणि जगातली पहिली झेरॉक्स तयार झाली. कुठेही ओली शाई नाही, खिळे नाहीत, छापखाना नाही. अंधारात टिकलेला विद्युतभार आणि धूळ, बस्स! त्या प्रतीतली अक्षरं थोडी फिसकटलेलीच आहेत.

पण खरी गंमत पुढे आहे. विद्युतक्षेत्राचा जोर सर्वांत जास्त असतो तो भारित आणि अभारित भागांच्या सीमेवर, म्हणजे अक्षराच्या काठावर. म्हणून सुरुवातीच्या यंत्रांत मोठा काळा ठोकळा छापायला गेलं, की काठ गडद आणि मधला भाग पांढुरका निघायचा. यंत्र जणू रेषेवर प्रेम करायचं आणि भरीव भागाकडे काणाडोळा. पुढच्या यंत्रांत हे बरंच सुधारलं, तरी एक स्वभाव कायम राहिला: करड्या छटांविषयी यंत्राला फारशी सहनशीलता नाही. ठिपका एक तर काळा होतो, नाही तर गायब.

आता एका प्रतीची प्रत काढा. तिची पुन्हा प्रत. आणखी एक. नाजूक रेषा एकेक करून विरघळतात. जाड रेषा फुगतात आणि शेजारणीला चिकटतात. चेहऱ्यावरच्या सावल्या नाहीशा होऊन डोळे, नाकपुड्या आणि ओठ एवढेच उरतात. काचेवर पडलेला धुळीचा कण पहिल्या प्रतीत चुकून आलेला असतो, पण दुसऱ्या प्रतीसाठी तो मूळ चित्राचाच भाग असतो! प्रत्येक पिढीत यंत्र आपली भर घालत जातं आणि आधीची भर निष्ठेने जपत जातं. विश्वास बसत नसेल, तर एखादा छापील कागद घेऊन दुकानात जा आणि त्याच्या दहा पिढ्या काढून पाहा.

सिएटलच्या बँडवाल्यांकडे पैसे नव्हते, पण ही यंत्रं होती. कात्री, डिंक, जुन्या मासिकांतली चित्रं, आणि झेरॉक्स. विजेच्या लाकडी खांबांवर पोस्टरांचे थरावर थर स्टेपल केलेले असायचे. पावसात कागद गळून जायचा आणि गंजक्या पिनांचं चिलखत खांबावर उरायचं. आर्ट चँट्री या तिथल्याच डिझाइनरने १९८५ साली या पोस्टरांचं 'इन्स्टंट लिटर' नावाचं पुस्तक काढलं. शीर्षकातच कचरा आहे. त्याने स्वतः संगणकाला हात न लावता, ब्लेड आणि झेरॉक्स यांच्या जोरावर पोस्टरं आणि रेकॉर्डची मुखपृष्ठं केली. १९९४ साली नगरपालिकेने खांबांवर पोस्टर लावायला बंदीच घातली. तोवर हे रूप सिएटलबाहेर कधीच निसटलं होतं.

आता दुसरं यंत्र.

जानेवारी १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत झुझाना लिच्को आणि रूडी व्हँडरलान्स या नवरा-बायकोने 'एमिग्रे' हे मासिक सुरू केलं आणि पुढे त्याच नावाने फॉन्टही विकायला काढले. ती ब्रातिस्लाव्हात जन्मलेली, तो हेगचा. दोघंही स्थलांतरित, आणि नावही तेच. लिच्कोने मॅकच्या जाड्याभरड्या ठिपक्यांतून अक्षरं घडवली आणि ठिपके लपवायचा प्रयत्नच केला नाही. पण ग्रंजच्या दृष्टीने मोठी घटना पुढे घडली. अक्षरं ठिपक्यांऐवजी वक्ररेषांच्या गणितात साठवण्याची पद्धत अडोबी कंपनीने आणली होती. तिचा उत्तम दर्जाचा भाग कंपनीने गुपित ठेवला होता. १९९० साली तो खुला केला. फॉन्टोग्राफर नावाची अक्षरं घडवण्याची आज्ञावली १९८६ पासून मिळतच होती. शतकानुशतकं ज्या कामासाठी पोलादी ठसे कोरणारे कारागीर आणि धातूच्या भट्ट्या लागायच्या, ते काम आता एका विद्यार्थ्याच्या टेबलावर होऊ लागलं.

हे वक्ररेषांचं गणित म्हणजे काय? ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. मोजके ठिपके नेमक्या जागी मांडायचे आणि ते डौलदार वळणांनी जोडायचे. रोमन 'ओ' काढायला बाहेरच्या वळणाला चार आणि आतल्या वळणाला चार, असे आठ ठिपके पुरतात. संगणक ते आठ ठिपके आणि वळणांचा कल लक्षात ठेवतो, आणि तेवढ्या शिदोरीवर तोच 'ओ' मुंगीएवढा किंवा इमारतीएवढा, कितीही मोठा, तितकाच गुळगुळीत काढून देतो.

आता याच 'ओ'ला थोडा मळ लावा. कडा किंचित कुरतडा, पोटात दोन पांढरे ओरखडे ओढा, बाजूला शाईचे चार शिंतोडे उडवा. किती ठिपके लागतील? शेकडो! प्रत्येक खाच, प्रत्येक बारीक दातरा, प्रत्येक शिंतोडा वेगवेगळा सांगावा लागतो, कारण त्यात काही नियमच नाही. 'चार ठिपक्यांतून वळण घे' असं सांगून भागत नाही. अशी अक्षरं छापताना त्या काळचे लेझर प्रिंटर धापा टाकायचे.

इथे जरा थांबू या, कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती ही गोष्ट. प्रत्यक्ष जगात मळ फुकट मिळतो आणि स्वच्छता ठेवायला कष्ट पडतात. संगणकाच्या पोटात हे उलटं आहे. तिथे परिपूर्ण वर्तुळ जवळजवळ फुकट आहे आणि धुळीचा ठिपका महाग. रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९६० च्या दशकात हाच विचार काटेकोर गणितात मांडला होता: ज्या गोष्टीत नियम आहे तिचं वर्णन थोडक्यात करता येतं, जी निव्वळ यादृच्छिक आहे तिचं सर्वांत छोटं वर्णन म्हणजे ती गोष्टच, अथपासून इतिपर्यंत. ग्रंजवाल्यांनी कोल्मोगोरोव वाचले असतील-नसतील, पण एकेक ओरखडा संगणकाच्या गळी उतरवताना त्यांची गाठ याच सत्याशी पडत होती.

मग त्यांनी मळ आणला कुठून? जिथे तो आयता होता तिथून. कॅलिफोर्नियातल्या एका कलाशाळेत शिकणाऱ्या बॅरी डेकला लॉन्ड्रीत कपडे धुताना भिंतीवर एक पाटी दिसली. कुणा अनामिकाने अक्षरांच्या छिद्रांची पट्टी धरून ती रंगवली होती. रेषांची टोकं कुठे निमुळती, कुठे फुगलेली. डेकने तिच्यावरून 'टेम्प्लेट गॉथिक' घडवला, एमिग्रेने तो १९९१ साली बाजारात आणला आणि पुढची काही वर्षं तो अमेरिकेत जिकडेतिकडे दिसू लागला. कपडे धुवायच्या जागेतली पाटी एका दशकाचं हस्ताक्षर झाली! तिकडे हॉलंडमध्ये एरिक व्हान ब्लोकलंडने जुन्या टाइपरायटरवर उमटलेली अक्षरं स्कॅन करून, शाई साकळलेल्या पोटांसकट, 'ट्रिक्सी' हा फॉन्ट केला. 'द एक्स-फाइल्स' ही मालिका पाहिली असेल, तर तिच्या नावातली अक्षरं तुम्ही पाहिलेली आहेत.

पण स्कॅन केलेल्या मळात एक चोरी पकडली जाते. खऱ्या टाइपरायटरवर दोन 'ई' कधीच तंतोतंत सारखे उमटत नाहीत. बोटाचा जोर वेगळा, रिबन वेगळी, कागद वेगळा. फॉन्टमधला 'ई' मात्र एकच. त्याच्या डोक्यावर जो टवका उडालेला आहे, तोच टवका त्याच जागी पानभर शंभर वेळा दिसतो. आणि आपला डोळा अशी पुनरावृत्ती हेरण्यात फार तरबेज आहे. का खटकतंय हे सांगता येत नाही, पण खटकतं.

यावरचा उपाय व्हान ब्लोकलंड आणि त्याचा मित्र युस्ट व्हान रोसम यांनी आधीच शोधून ठेवला होता, आणि तो निव्वळ वेडा आहे. प्रिंटरला 'या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढ' असं सांगणारी एक आज्ञा असते. या दोघांनी त्या आज्ञेऐवजी स्वतःची आज्ञा घुसवली. तिचं नाव 'फ्रीकटू'. ती सांगते: त्या ठिपक्यापर्यंत जा, पण नेमकं तिथे नको, आसपास कुठे तरी जा. कुठे, ते तू फासे टाकून ठरव. म्हणजे रांगोळीचा प्रत्येक ठिपका छापण्याच्या क्षणी किंचित सरकतो. दर वेळी वेगळ्या दिशेला! या फॉन्टचं नाव 'बेओवुल्फ'. तो १९९० साली आला, थरथर कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन प्रकारांत. एकाच पानाच्या शंभर प्रती काढल्या, तर शंभर वेगळी पानं निघायची. गटेनबर्गपासून छपाईचा सारा अभिमान कशाचा होता? एकच अक्षर हजार वेळा हुबेहूब उमटवण्याचा. दोन डच तरुणांनी काही ओळींची आज्ञावली लिहून तो अभिमान खुशाल सोडून दिला. (युस्टचा भाऊ खीडो व्हान रोसम. त्याने १९९१ साली जगापुढे आणलेली पायथन ही संगणकभाषा आज आपल्याकडची शाळकरी मुलंही शिकतात. काय घर असेल ते!)

आता अक्षरं तयार झाली. ती पानावर उधळायला कुणी तरी हवा होता.

डेव्हिड कार्सन हा कॅलिफोर्नियातला समाजशास्त्राचा पदवीधर, शाळेत शिकवणारा, आणि समुद्राच्या लाटांवर फळी चालवण्यात जगातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी एक. डिझाइनशी त्याची गाठ पडली ती १९८० साली, दोन आठवड्यांच्या एका कार्यशाळेत. पुढे स्केटबोर्डिंगचं एक मासिक, मग 'बीच कल्चर'. त्याचे अवघे सहा अंक निघाले आणि दीडशेहून जास्त पारितोषिकं मिळाली. अंध सर्फरवरच्या लेखासाठी त्याने समोरासमोरची दोन पानं पूर्ण काळी ठेवली. १९९२ साली 'रे गन' हे संगीताचं मासिक सुरू झालं आणि कार्सनला मोकळं रान मिळालं. दोन स्तंभांमधली पांढरी पट्टी गायब. ओळी पानाच्या काठावरून खाली कोसळलेल्या. पानांना आकडे असतील-नसतील.

१९९४ साली त्याच्यापुढे ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत आली. ती त्याला कंटाळवाणी वाटली. हाताशी असलेले सगळे टाइप चाळून झाले, मनासारखं काही मिळेना; यादीत शेवटी होता 'झाफ डिंगबॅट्स'. थोर सुलेखनकार हेर्मान झाफ यांनी १९७८ साली घडवलेला, अक्षरं नसलेला, नुसत्या चिन्हांचा फॉन्ट. तारे, कात्र्या, बाण, फुलं. कार्सनने अख्खी मुलाखत त्यात छापली!

यातली खुबी मराठी वाचकाला लगेच उमजेल. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की पानभर अगम्य रोमन चिन्हं यायची, आठवतं? मजकूर शाबूत असायचा, फक्त अंगरखा बदललेला. फेरीची मुलाखतही तशीच शाबूत होती. प्रत्येक अक्षरासाठी ठरलेलं एक चिन्ह. चिकाटी असेल तर सांकेतिक लिपीसारखी ती सोडवता येते. आणि ज्यांना चिकाटी नाही, त्यांच्यासाठी अंकाच्या शेवटी ती सरळ अक्षरांत छापलेली होतीच.

मला स्वतःला मात्र डिंगबॅट्सच्या करामतीपेक्षा 'रे गन'ची बाकीची पानं जास्त थोर वाटतात, कारण ती वाचता येतात. कशी काय? वाचताना आपली नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. एका जागी सुमारे पाव सेकंद थांबते, मग पुढची उडी. त्या पाव सेकंदात डोळा अक्षरांचे काही तुकडे उचलतो आणि उरलेलं मेंदू संदर्भावरून भरून काढतो. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की रोमन ओळीचा खालचा अर्धा भाग झाकला तरी वाचन बऱ्यापैकी चालू राहतं. वरचा झाकला की अडतं. म्हणजे अक्षराचा बराचसा भाग वाचनापुरता शिलकीत पडलेला असतो. ग्रंजवाले खात होते ती ही शिल्लक. आपल्या लिपीत हा प्रयोग जरूर करा. छापील मराठी ओळीवर कागद धरून आधी खालचा भाग झाका, मग वरचा. आपल्या जवळजवळ सगळ्या अक्षरांच्या माथ्यावर सारखीच शिरोरेघ आहे. तेव्हा कुठला अर्धा भाग जास्त बोलतो, ते पाहण्यासारखं आहे.

या सगळ्यावर जुनी मंडळी खवळली नसती तरच नवल. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा १९७२ चा गाजलेला नकाशा करणारे मास्सिमो विन्येल्ली आयुष्यभर मोजक्या टाइपांवर काम करत आले होते. त्यांनी एमिग्रेच्या कामाला उघडउघड कचरा म्हटलं. समीक्षक स्टीव्हन हेलर यांनी १९९३ साली 'आय' या नियतकालिकात कुरूपतेच्या या पंथावर खरमरीत लेख लिहिला. त्यांचा राग मला समजतो. नियम माहीत असलेल्याने ते मोडणं आणि माहीतच नसलेल्याने पान विस्कटणं, यांत फरक असतो, आणि नव्वदच्या दशकात दुसऱ्या प्रकारचं काम ढिगाने झालं. १९९४ साली फोटोशॉपमध्ये एकावर एक थर ठेवायची सोय आल्यावर तर गंज, माती, भेगा यांचे आयते फोटो कशावरही पसरता येऊ लागले.

पण वादाचा शेवट पाहा. १९९६ साली झुझाना लिच्कोने 'फिलोसोफिया' नावाचा नितळ, अभिजात फॉन्ट केला. आधार कुणाचा? बोदोनीचा. आणि त्याची घोषणा करणारं पोस्टर एमिग्रेने करायला दिलं विन्येल्लींना. त्यांनी ते आनंदाने केलं!

२०११ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २३ डिजिटल टाइप आपल्या संग्रहात घेतले. लॉन्ड्रीतल्या पाटीचा 'टेम्प्लेट गॉथिक' त्यात आहे. 'बेओवुल्फ'ही आहे. पण 'बेओवुल्फ'चं पुढे काय झालं, ते सांगायलाच हवं. संगणकांच्या नव्या प्रणाली अक्षरं छापण्याआधी स्वतःच पक्की करून टाकू लागल्या आणि प्रिंटरमधले ते फासे पडेनासे झाले. थरथरणारा फॉन्ट निश्चल झाला. मग त्याची नवी आवृत्ती निघाली, ओपनटाइप या पद्धतीची. तिच्यात फासे नाहीत. एकेका अक्षराची अनेक रूपं आधीच काढून ठेवलेली असतात, आणि शेजारी कोणतं अक्षर आलंय ते पाहून आज्ञावली त्यातलं एक निवडते. आजचे बहुतेक चांगले खडबडीत फॉन्ट याच युक्तीवर चालतात.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या चित्रपटाच्या पोस्टरवर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झिजलेली, ओरखडलेली अक्षरं दिसली, तर दोनदा आलेलं अक्षर शोधा. दोन 'र', दोन 'म', काहीही. त्यांचे ओरखडे एकमेकांशी ताडून पाहा. टवका त्याच जागी उडालेला असेल, तर तो स्वस्तातला फॉन्ट. वेगवेगळ्या जागी असेल, तर आणखी एक अक्षर शोधा, मग आणखी एक. कुठे तरी जुना टवका परत भेटला, तर पडद्याआड रूपं निवडणारी आज्ञावली आहे. आणि कितीही शोधलं तरी एकही टवका पुन्हा सापडला नाही, तर कुणी तरी खरोखर हातात कुंचला घेऊन, किंवा झेरॉक्सच्या काचेवर कागद ठेवून, ते अक्षर मळवलेलं असेल; नाही तर वरून गंजाचा एखादा आयता फोटो पसरलेला असेल.